गणित-विज्ञानवेड्यांच्या कट्ट्यावर पहिल्यांदा जाताना

असे कट्टे बऱ्याच गावांत असतात. कॉलेजच्या कँटीनमध्ये, अमृततुल्यच्या बाकड्यावर, नाहीतर एखाद्या निवृत्त प्राध्यापकांच्या व्हरांड्यात. चार-सहा डोकी जमलेली असतात. कुणीतरी मध्येच म्हणतं, "सत्तावन्न!" आणि सगळे खो-खो हसतात. नवा माणूस उगाच चहात बिस्किट बुडवत बसतो.

हा लेख त्या नव्या माणसासाठी आहे. मी स्वतः वाणिज्य शाखेचा, तरी अशा बैठकांना वर्षानुवर्षं जातो. तिथे शिरायला पदवी लागत नाही, पण काही गोष्टी आधी कळलेल्या बऱ्या, आणि त्या आपणहून कुणी सांगत नाही.

मुख्य गोष्ट आधीच सांगतो. या कट्ट्यावरचा विनोद हा एक दावा असतो आणि तो कुणीही तपासू शकतं. बाकीच्या ठिकाणी हशा झाला की विषय संपतो. इथे हशा ओसरला की कुणीतरी खिशातून पेन काढतं आणि म्हणतं, "थांब, खरंच तसं येतं का बघू." गप्पा रंगायला लागतात त्या तिथून. त्यामुळे विनोद फुसका असला तरी चालतो, हिशेब मात्र जुळायला हवा.

सोबत काय न्यायचं

- पेन आणि मूठभर पाठकोरे कागद. कोरी वही नेऊ नका, तुम्ही टिपणं काढायला आलात असं वाटतं.
- एखादं नाणं. संभाव्यतेचा वाद नाण्याशिवाय मिटत नाही.
- कागदाची लांब पट्टी, चिकटपट्टी, छोटी कात्री. कशासाठी, ते पुढे येईल.
- सुटे पैसे.
- मोबाइल, पण खिशात. उत्तर शोधून वाचून दाखवणाऱ्याला पुन्हा कुणी कोडं घालत नाही.

कागदपत्रं काहीही नकोत. दहावीला गणितात किती पडले हे कुणी विचारत नाही, तेव्हा तुम्हीही सांगू नका. कमी असले तरी आणि पैकीच्या पैकी असले तर मुळीच नाही.

१. आधी कट्टा शोधा

ओळखीत कुणी नसेल तर जाहीर कार्यक्रमांपासून सुरुवात करा. २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन. १९२८ साली त्या दिवशी रामन परिणामाचा शोध जाहीर झाला. त्या सुमारास पुण्यातली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आणि नारायणगावजवळचं खोडद इथे सर्वसामान्यांना आत जाऊन बघता येतं. खोडदला ४५ मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणी आहेत, एकूण ३०. रांगेत तुमच्या पुढे उभा असलेला माणूस बहुधा आपल्यातलाच असतो, बोलून बघा. मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेचा 'चाय अँड व्हाय' हा उपक्रम आहे, मराठी विज्ञान परिषदेची व्याख्यानं असतात. निघण्यापूर्वी तारीख आणि वेळ तेवढी ताडून घ्या.

पण माझं मत विचाराल तर आकाशदर्शनाला जा. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे. रात्रभराचा कार्यक्रम असतो आणि हमखास ढग येतात. ढग आले की दुर्बिणीवर कापड पडतं, थर्मास उघडतात आणि पहाटेपर्यंत दुसरं काही करण्यासारखं उरत नाही. मला चांगली गणिती कोडी बहुतेक अशा ढगाळ रात्रींनीच दिली आहेत.

२. चार आकडे ओळखीचे करून घ्या

कट्ट्यावर आकडे नावासारखे वापरतात. चार-पाच माहीत असले की निम्मे विनोद कळतात.

५७. अलेक्झांडर ग्रोथेनडिक हे विसाव्या शतकातले फार मोठे गणिती. व्याख्यानात कुणीतरी त्यांना म्हणालं, एखादी प्रत्यक्ष मूळ संख्या घेऊन दाखवा. ते म्हणाले, बरं, ५७ घ्या. ५७ म्हणजे तीन गुणिले एकोणीस! तेव्हापासून ५७ ला थट्टेने 'ग्रोथेनडिकची मूळ संख्या' म्हणतात. एवढ्या उंचीवर विचार करणाऱ्याला खालचे पाढे दिसत नाहीत, असा त्यातला चिमटा. कुणी ठामपणे चुकीचं बोललं की कट्ट्यावर नुसतं "सत्तावन्न" म्हणतात. ५७ सारखीच फसवी ९१. दिसायला अगदी मूळ संख्या, पण सात गुणिले तेरा.

१७२९. इथे एक खड्डा आहे. इंग्रज गणिती हार्डी आजारी रामानुजनना भेटायला टॅक्सीने इस्पितळात गेले, टॅक्सीचा क्रमांक नीरस आहे म्हणाले, आणि रामानुजन यांनी अंथरुणावरून सांगितलं की दोन घनांची बेरीज म्हणून दोन प्रकारे लिहिता येणारी ती सर्वांत लहान संख्या आहे. ही गोष्ट सांगू नका. सगळ्यांना पाठ आहे, अर्धे जण तुमच्याबरोबर ओठ हलवतील. सांगायचंच असेल तर पुढचं सांगा. १७२९ च्या अंकांची बेरीज १९. १९ उलटे लिहिले की ९१. आणि १९ गुणिले ९१ बरोबर १७२९. आपल्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्येला 'हर्षद संख्या' म्हणतात. हे नाव देणारे गृहस्थ आपले देवळालीचे. त्यांच्याकडेच आता वळतो.

६१७४. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म डहाणूचा, १९०५. देवळालीला शाळेत शिकवत. संख्यांशी खेळणं हा त्यांचा जन्माचा छंद. एका संख्याकुळाची कल्पना त्यांना रेल्वे स्टेशनवर सुचली, तर त्या संख्यांना त्यांनी स्टेशनचंच नाव देऊन टाकलं, डेम्लो. गणिती कोड्यांचे अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं आणि जगभरच्या कोडीवाल्यांना देवळाली माहीत झाली. ६१७४ हा त्यांचा स्थिरांक. त्याची करामत नव्या माणसाने पहिल्याच बैठकीत करून दाखवावी, कारण ती कधी फसत नाही.

समोर उभ्या असलेल्या कुठल्याही गाडीची नंबरप्लेट घ्या. समजा ३०८७. अंक उतरत्या क्रमाने लावा, ८७३०. मग चढत्या, ०३७८. वजा करा, ८३५२ येतात. पुन्हा तेच, ८५३२ उणे २३५८, आले ६१७४. अजून एकदा करा, ७६४१ उणे १४६७, परत ६१७४. तिथून हलत नाही. चारही अंक सारखे नसले की कुठलीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पावलांत इथेच येते.

आता यातली मेख. एखादा खवचट मुद्दाम १११२ देईल. २१११ उणे १११२ म्हणजे ९९९. इथे पुढचं शून्य गाळलंत तर ९९९ उणे ९९९, हाती भोपळा, आणि टाळ्या त्याला. शून्य धरून ०९९९ लिहा, म्हणजे पुढे ९९९० उणे ०९९९ बरोबर ८९९१, मग ८०८२, मग ८५३२, मग ६१७४. हे शून्य तुम्ही न सांगता सांभाळलंत की कट्टा तुम्हाला आपला मानतो.

३. कोण कोणत्या गोटातला ते ओळखा

कट्ट्यावर गणितवाले, भौतिकवाले, रसायनवाले, जीवशास्त्रवाले आणि इंजिनियर असे गोट असतात. ते एकमेकांना दिवसभर टोचत असतात आणि संध्याकाळी एकाच स्कूटरवरून घरी जातात.

त्यांचं आपसातलं नातं एका जुन्या विनोदात बसतं. प्रश्न असा, एक सोडून सगळ्या विषम संख्या मूळ असतात का? गणितवाला म्हणतो, तीन मूळ, पाच मूळ, सात मूळ, नऊ नाही, झालं, दावा खोटा. भौतिकवाला म्हणतो, तीन, पाच, सात, नऊ ही प्रयोगातली त्रुटी, अकरा, तेरा, दावा खरा. इंजिनियर म्हणतो, तीन मूळ, पाच मूळ, सात मूळ, नऊ मूळ, अकरा मूळ. आमच्या कट्ट्यावर याला एक शेपूट जोडलेलं आहे. सीए दार लावून घेतो आणि हळूच विचारतो, "तुम्हाला मूळ दाखवायची आहे का?"

दुसरा विनोद रिकाम्या वाड्याचा. वाड्यात दोघं जाताना दिसतात, थोड्या वेळाने तिघं बाहेर येतात. भौतिकवाला म्हणतो, मोजण्यात चूक झाली. जीवशास्त्रवाला म्हणतो, वंशवृद्धी झाली. गणितवाला म्हणतो, आता अजून एक जण आत गेला की वाडा रिकामा.

तुम्ही कोणत्याच गोटातले नसलात तर फारच उत्तम. मधल्या माणसाला दोन्हीकडून चहा मिळतो. फक्त एक पथ्य पाळा. दुसऱ्या गोटाची टिंगल करायची असेल तर आधी त्यांचा विषय थोडा तरी समजून घ्या. "रसायन म्हणजे नुसती पाठांतराची घोकंपट्टी" हे रसायनवाल्याने म्हटलं तर विनोद, तुम्ही म्हटलंत तर भांडण.

४. विनोद सांगायची रीत

बाहेरून आलेला विनोद जसाच्या तसा आणू नका. तो आपल्या बाकड्यावर बसला पाहिजे. जगभर सांगतात तो अनंत गणितज्ञांचा विनोद मूळचा बिअरच्या दुकानातला. आपल्याकडे तो अमृततुल्यवर जास्त शोभतो. अनंत गणितज्ञ रांगेत उभे. पहिला म्हणतो, एक चहा. दुसरा म्हणतो, कटिंग. तिसरा म्हणतो, कटिंगचं कटिंग. चौथा तोंड उघडणार तोच चहावाला दोन कप काउंटरवर आपटतो. "हे घ्या, आणि आपसात वाटून घ्या. पुढे जा." एक अधिक अर्धा अधिक पाव अधिक अर्धपाव, असं कितीही पुढे गेलं तरी बेरीज दोनपलीकडे जात नाही, हे चहावाल्याला कळलेलं असतं.

आता बघा, हा विनोद संपल्यावर काय होतं. कुणीतरी विचारतं, "कितव्या गिऱ्हाइकाला थेंबसुद्धा मिळणार नाही?" कप १०० मिलिलिटरचा धरा, थेंब एक विसांश मिलिलिटरचा. म्हणजे कपात दोन हजार थेंब. दर वेळी निम्मे करत गेलं तर अकरा वेळा निम्मे केल्यावर एक थेंबही उरत नाही. पहिला माणूस पूर्ण कप घेतो, म्हणून बारावा कोरडा. लगेच दुसरा म्हणतो, "मग बाकीचे अनंत लोक रांगेत कशाला थांबलेत?" त्यावर तिसरा म्हणतो, "उधारी आहे." हे असं चालतं.

संस्थितीवाल्यांचा, म्हणजे टोपॉलॉजीवाल्यांचा (वस्तू ताणली-वाकवली तरी जे बदलत नाही त्याचा अभ्यास करणाऱ्यांचा), विनोद तर आपल्याकडे आयता तयार आहे. त्यांना कानाचा कप आणि मेदूवडा यांतला फरक कळत नाही, कारण दोन्हींना भोक एकच. यावर एकाने विचारलं होतं, "आणि बटाटावडा?" उत्तर आलं, "तो बशी." बरोबर आहे, दोन्हींना भोक नाही.

विनोद समजावून सांगू नका. कुणाला कळला नाही तर तो माणूस विचारेल, आणि विचारलं तर मात्र पूर्ण मनाने समजावा, पेन काढून. हसून "सोड, तुला नाही कळणार" म्हणणारा माणूस कट्ट्यावर टिकू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

५. अंदाजाचा खेळ

या खेळाचा गुरू भौतिकशास्त्रज्ञ एनरिको फर्मी. १६ जुलै १९४५ ला पहिल्या अणुस्फोटाच्या वेळी त्याने हातातले कागदाचे कपटे सोडले. धक्क्याच्या लाटेने ते किती लांब उडाले यावरून त्याने स्फोटाच्या ताकदीचा सुमारे १० किलोटन टीएनटी असा अंदाज बांधला. खरा आकडा दुपटीच्या आसपास निघाला, पण कागदाच्या कपट्यांवरून एवढं म्हणजे खूप झालं.

कट्ट्यावर याचं सौम्य रूप चालतं. आमच्याकडे एकदा समोर पोहे आले आणि प्रश्न पडला, एका प्लेटमध्ये पोहे किती?

"मोजून बघ की."
"मोजायचं असतं तर तुला कशाला विचारलं? कोरडे पोहे ८० ग्रॅम धर."
"एक पोहा म्हणजे एक तांदूळ. साधारण २० मिलिग्रॅम."
"म्हणजे एका ग्रॅमला पन्नास. ऐंशी पंचे चारशे, वर एक शून्य. चार हजार."
"दाणे, कांदा?"
"कोरडे धरले ते त्यासाठीच."
"आणि तळाचा चुरा?"
"चुऱ्याचे तुकडे मोजायचे की मूळचे तांदूळ, ते आधी ठरव."

पोहे गार झाले, पण उत्तर "तीन ते पाच हजार" यावर सगळ्यांचं एकमत झालं. खेळाचा नियम एवढाच की आकडा दहापटीच्या आत बसला की पास. नव्या माणसाने इथे बिनधास्त उडी घ्यावी. पाठांतर लागत नाही, फक्त प्रत्येक पायरी मोठ्याने बोलायची. उत्तर चुकलं तर कोणती पायरी निसरडी होती ते सगळे मिळून शोधतात, आणि तेच या खेळाचं निम्मं सुख आहे.

६. खड्डे

हा भाग नीट वाचा. नवे लोक पडतात ते इथेच.

०.९९९… आणि १. हा वाद सुरू झाला की चहा वाढवून मागवा. ०.९९९… ही संख्या एकच्या "जवळ जाते" असं बरेच जण म्हणतात. ती कुठेही जात नाही, ती एकच आहे. एक तृतीयांश म्हणजे ०.३३३…, त्याची तिप्पट करा, हा एक मार्ग. न पटणाऱ्याला शांतपणे विचारा, "बरं, या दोघांच्या मधली एखादी संख्या सांग." आणि पोहे खायला लागा.

तीन दारांचं कोडं. एका दारामागे गाडी, दोन दारांमागे बकऱ्या. तुम्ही एक दार निवडता. सूत्रधाराला सगळं माहीत असतं. तो उरलेल्यांपैकी बकरीचं एक दार उघडतो आणि विचारतो, निवड बदलायची का? बदला. तसं केलं तर जिंकायची शक्यता दोन तृतीयांश. १९९० मध्ये मॅरिलिन व्हॉस सॅव्हंट यांनी 'परेड' मासिकातल्या आपल्या सदरात हे उत्तर दिलं, तर "तुमचं चुकलं" म्हणणारी हजारो पत्रं आली, त्यांत पीएचडीवाले शेकड्यांनी. पॉल एर्डोशसारख्या गणितज्ञालासुद्धा संगणकावर खेळ चालवून दाखवेपर्यंत पटलं नव्हतं. तेव्हा तोंडी वाद घालू नका. तीन उपडे कप आणि एक शेंगदाणा घ्या आणि तीस-चाळीस डाव खेळा. एकाने सूत्रधार व्हायचं, दुसऱ्याने लिहायचं.

कंचेभागुबेव. ८÷२(२+२) असलं काहीतरी कुणीतरी पाठवतं आणि घरं फुटतात. कंचेभागुबेव घोकलेला म्हणतो १६. बीजगणितात रुळलेला २(२+२) हा एकच गठ्ठा धरतो आणि म्हणतो १. कट्ट्यावरचं मान्य उत्तर एकच आहे, "लिहिणाऱ्याने कंस नीट घालावा." यापुढे एक शब्द बोलू नका.

उणे एक बारांश. १+२+३+… अशी अनंत बेरीज उणे एक बारांश येते, हे वाक्य नुसतं फेकू नका. नेहमीच्या अर्थाने ती बेरीज अनंताकडेच जाते. वेगळ्या अर्थाने त्या मालिकेला ती किंमत देता येते, आणि तो अर्थ सांगता येत नसेल तर विषय काढू नये. खुद्द रामानुजन यांनी १९१३ मध्ये हार्डींना हे कळवताना लिहिलं होतं की, एवढं सांगितलं तर तुम्ही मला वेड्यांच्या इस्पितळाचा रस्ता दाखवाल.

वाढदिवस. २३ माणसं जमली की त्यांतल्या दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असायची शक्यता निम्म्याहून किंचित जास्त, कारण २३ माणसांत जोड्या २५३ होतात. पुस्तकात हे ठीक आहे. पण महाराष्ट्रातल्या कट्ट्यावर ज्येष्ठ मंडळी असतील तर हा प्रयोग पैज लावून करू नका. शाळेत नाव घालताना जन्मतारीख माहीत नसली की गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. सगळे दिवस सारखेच संभवतात हे गृहीतक तिथेच कोसळतं. आमच्याकडे कुणीतरी पैज घेतो आणि समोरून दोन काका एकदमच हात वर करतात.

डायहायड्रोजन मोनॉक्साइड. फार जणांचा जीव घेणारं, आम्लपावसात सापडणारं, लोखंड गंजवणारं रसायन. म्हणजे पाणी. १९९७ मध्ये अमेरिकेत आयडाहोतल्या १४ वर्षांच्या एका मुलाने वर्गमित्रांना विचारलं तेव्हा ५० पैकी ४३ जणांनी त्यावर बंदी हवी असं मत दिलं. विनोद झकास आहे. पण घरातल्या ज्येष्ठांवर करू नका. तासाभरात तो चाळीस ग्रुपवर गेलेला असतो आणि संध्याकाळी तुमच्याकडेच इशारा म्हणून परत येतो.

"नासाने सिद्ध केलंय." हे वाक्य उच्चारणाऱ्याने सगळ्यांचा चहा द्यायचा, असा आमचा नियम आहे. तो सगळीकडे लागू करायला हरकत नाही.

"उघडच आहे." असं म्हणाल तर लगेच पेन तुमच्या हातात येईल. एका प्राध्यापकांची गोष्ट सांगतात. फळ्यावर एक पायरी लिहून ते म्हणाले, हे उघडच आहे. मग थबकले, वर्गाबाहेर गेले, वीस मिनिटं येरझाऱ्या घातल्या, परत आले आणि म्हणाले, "हो, उघडच आहे."

वैदिक गणित. यातल्या युक्त्या झटपट गुणाकाराला छान आहेत, त्या करून दाखवा, लोक खूश होतात. त्या वेदांत कुठे आहेत हा विषय मात्र पहिल्या बैठकीत काढू नका. भारती कृष्णतीर्थांच्या पुस्तकातली सूत्रं अथर्ववेदाच्या उपलब्ध परिशिष्टांत सापडत नाहीत, असं अभ्यासकांनी दाखवलेलं आहे. हे म्हटल्यावर पुढचे दोन तास गणित होत नाही.

७. किस्से जवळ ठेवा, पण खरे

लांबलेल्या वादात एखादा किस्सा उपयोगी पडतो. खरे किस्सेच इतके अचाट आहेत की रचायची गरज पडत नाही.

१९७५ मध्ये जॅक हेदरिंग्टन या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने शोधनिबंध टंकलिखित केला. लेखक एकटाच, पण सगळीकडे "आम्ही" असं लिहिलेलं. एकट्या लेखकाने "आम्ही" लिहिलेलं नियतकालिकाला चालणार नाही असं कळलं. सगळं पुन्हा टंकायचा कंटाळा, म्हणून त्याने आपल्या मांजराला सहलेखक केलं. मांजराचं नाव एफ. डी. सी. विलर्ड असं लावून तो दोघांचा निबंध 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये छापून आला.

आंद्रे गाइम यांनी चुंबकीय क्षेत्रात जिवंत बेडूक तरंगवला, त्याबद्दल २००० साली त्यांना इग्नोबेल, म्हणजे गमतीदार संशोधनाचं थट्टेतलं नोबेल, मिळालं. २०१० मध्ये ग्राफीनसाठी खरं नोबेल मिळालं. मधल्या काळात त्यांनी आपल्या हॅम्स्टरला एका निबंधाचा सहलेखकही करून टाकलं होतं.

मोजमापांचे किस्सेही चालतात. एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी १९५८ मध्ये ऑलिव्हर स्मूट नावाच्या मित्राला पुलावर आडवा पाडत पाडत हार्वर्ड पूल मोजला. लांबी भरली ३६४.४ स्मूट, अधिक-उणे एक कान. हाच स्मूट पुढे आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचा अध्यक्ष झाला. आणि व्याख्यान लांबलं की हळूच म्हणा, "मायक्रोशतक उलटून गेलं." शतकाचा दहा लाखावा भाग म्हणजे साधारण ५२ मिनिटं ३६ सेकंद. नॅनोशतक, म्हणजे शतकाचा अब्जावा भाग, भरतं ३.१६ सेकंदांचं, म्हणजे जवळजवळ पाय (π) सेकंद.

८. स्वतः बैठक भरवायची असेल तर

तारीख नीट निवडा. १४ मार्चला पाय-दिन साजरा करायची प्रथा १९८८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्स्प्लोरेटोरियममध्ये सुरू झाली, कारण अमेरिकेत आधी महिना लिहितात, ३/१४. आपण आधी दिवस लिहितो, तेव्हा आपला दिवस २२ जुलै, २२/७. अमेरिकेतला भाचा यावर नाक मुरडेल. त्याला म्हणावं, २२ भागिले ७ म्हणजे ३.१४२८, आणि ते पायच्या ३.१४ पेक्षा जास्त जवळ आहे, करून बघ. खरंच आहे, फरक अनुक्रमे ०.००१३ आणि ०.००१६. शिवाय जुलैत पाऊस असतो, भजी होतात. रामानुजन यांचा जन्मदिवस २२ डिसेंबर हा राष्ट्रीय गणित दिवस, तोही चालतो. मेच्या मध्यात पुण्या-मुंबईत शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य दुपारी थेट डोक्यावर असतो आणि उभ्या वस्तूची सावली पडत नाही. तेव्हा भर दुपारी गच्चीवर उभी बाटली ठेवून लोकांना बोलवता येतं, पण आधी ताकाची सोय करा.

माणसं सहा ते आठ बोलवा. त्याहून जास्त झाली की दोन कट्टे होतात आणि चांगला विनोद नेमका दुसऱ्या बाजूला होतो. निदान एक शाळकरी मूल असू द्या, मोठ्यांना "का?" विचारायचं धाडस त्यालाच असतं.

सुरुवात पट्टीने करा. कागदाच्या पट्टीला अर्धा पीळ देऊन टोकं चिकटवा, ही मोबियसची पट्टी. आता विचारा, मधोमध कापली तर काय होईल? सगळ्यांना उत्तर आधी लिहून द्यायला लावा, मगच कात्री मुलाच्या हातात द्या. दोन तुकडे होत नाहीत, दुप्पट लांबीचं एकच कडं निघतं. लगेच दुसरी पट्टी घ्या आणि कडेपासून एक तृतीयांश अंतरावर कापायला सांगा. तिथे एकमेकांत अडकलेली दोन कडी निघतात, एक लहान, एक मोठं. एव्हाना ओळखपाळख करून द्यायची गरज उरलेली नसते.

बिलाचं आधीच ठरवून टाका. सात जणांत भागायला गेलात तर १४२८५७ ही पुनरावृत्ती सुरू होते, मग त्या संख्येला दोनने, तीनने गुणून बघायचा मोह आवरत नाही आणि हॉटेलवाला दिवे घालवायला लागतो. एकाने पूर्ण बिल द्यावं, पुढच्या वेळी दुसऱ्याने.